गिल्ड वॉर्स २ (ऑनलाइन गेम) : वॉलेटमधली ही सगळी चलनं नक्की कशाची, आणि त्यांच्यामागे काही कथा आहे का?

झोपाळू_नेक्रो :
नमस्कार मंडळी. पाथ ऑफ फायर हे एक्सपान्शन (गेमचा जोडभाग) संपवून, मग इस्तानचा मॅप थोडासा खेळून गेम सोडला होता, आता परत इन्स्टॉल केलाय आणि वॉलेट उघडून बसलोय तर स्क्रोल संपतच नाहीये. गोल्ड, कर्मा, जेम्स (खऱ्या पैशाने मिळतात ते) एवढं कळतं. पण अनबाउंड मॅजिक, व्होलाटाइल मॅजिक, एअरशिप पार्ट्स, ऑरिलियम, ले-लाइन क्रिस्टल, स्पिरिट शार्ड, ट्रेड कॉन्ट्रॅक्ट, फ्रॅक्टल रेलिक... आणि त्यात आता ॲस्ट्रल अक्लेम नावाचं एक नवीनच, जे नुसतं लॉगिन केलं तर थोडं जमा पण झालं.
दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे यातलं काय खर्च करायचं आणि काय जपून ठेवायचं. दुसरा जरा वेगळा, की या चलनांना गेमच्या कथेत काही अर्थ आहे का, का डेव्हलपरला दर वेळी नवीन आयकॉन काढायची हौस आहे? लिजेंडरी (सगळ्यात वरच्या दर्जाचं शस्त्र) बनवायची खूप इच्छा आहे, पहिलीच असेल, द ड्रीमर. हो, युनिकॉर्न सोडणारं धनुष्य. हसा.

बाजारबुणगा :
हसलो :) वेलकम बॅक.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं त्याहून सोपं. काहीही अर्थ नाही. नवीन एक्सपान्शन आलं की जुन्या श्रीमंतांनी पहिल्याच दिवशी सगळं विकत घेऊ नये म्हणून नवीन चलन काढतात, की सगळे एका रेषेवर. माझ्याकडे लाखो कर्मा पडून आहे, तो नवीन मॅपमध्ये चालला असता तर मी तो मॅप खेळलोच नसतो, दुकानदाराकडे जाऊन खरेदी करून बाहेर पडलो असतो. बाकी सगळं वरचं रंगकाम.
आता कामाचं. ॲस्ट्रल अक्लेम साठवू नकोस, त्याला १३०० ची मर्यादा आहे, त्याच्या पुढे मिळवलेलं वाया. विझार्ड्स व्हॉल्ट म्हणजे त्याचं दुकान, तिथे जाऊन आधी मिस्टिक क्लोव्हर आणि मिस्टिक कॉइन घे, ते व्हॉल्टच्या दर सीझनला ठरावीकच मिळतात. स्पिरिट शार्डला हात लावू नको. कर्मा पण ठेव. ट्रेडिंग पोस्टवर (खेळाडूंच्या बाजारात) काही विकायला ठेवशील तर ५ टक्के ठेवतानाच जातात, विकलं गेलं की अजून १०, म्हणजे १५ टक्के गेले समज आणि मगच भाव लाव. यादी रद्द केलीस तरी ते ५ परत येत नाहीत, नवीन लोक इथेच मार खातात.

ओर्रचा_माळी :
बुणगेसाहेब, नवीन चलन सगळ्यांना एका रेषेवर आणायला काढतात हे शंभर टक्के मान्य. पण "काहीही अर्थ नाही" हे कसं काय बुवा? गेमच्या कथेच्या सीझन ३ चे सहा मॅप घ्या. ब्लडस्टोन फेनमध्ये ब्लड रुबी, एम्बर बेमध्ये पेट्रिफाइड वुड, बिटरफ्रॉस्टला विंटरबेरी, लेक डोरिकला जेड शार्ड, ड्रॅकॉनिस मॉन्सला फायर ऑर्किड, सायरन्स लँडिंगला ऑरियन पर्ल. यातली एक वस्तू उचलून दुसऱ्या मॅपमध्ये ठेवून बघा, चालेल का? जेड शार्ड लेक डोरिकलाच का, कारण व्हाइट मँटल पंथवाले तिथे जेडचे राक्षस घेऊन माणसांच्या राजधानीच्या, डिव्हिनिटीज रीचच्या दारात उभे राहिले होते, ते फोडल्यावर जे पडतं ते तुमच्या वॉलेटात... बरं, हे वॉलेटात नाही, मटेरियल स्टोरेजमध्ये जातं, पण मुद्दा कळला असेल.

झोपाळू_नेक्रो :
माळीदादा हे भारी आहे. ब्लड रुबी कुठून आल्या मग? मी तो भाग खेळलोय पण डायलॉग स्किप करत करत, लाज वाटते सांगायला.

डोलियाकवाली :
डायलॉग स्किप करणारे आणि मग फोरमवर कथा विचारणारे, तुमची संघटना आहे का काही? :D
माळीकाका सांगतीलच पण माझी एक विनंती, स्पॉयलरचा विचार नका करू आता, २०१६ मधला एपिसोड आहे तो, ज्यांना खेळायचा होता त्यांनी खेळला.

ओर्रचा_माळी :
काका नको गं, अजून केस काळे आहेत. सांगतो, लांब आहे जरा.
पूर्वी देवांनी टिरियामध्ये, म्हणजे गेमच्या जगात, जादू मोकळी केली, त्यातही अबॅडन या देवाचा हात सैल. लगेच सगळ्या जमाती एकमेकांवर तुटून पडल्या. मग राजा डोरिक देवांपुढे जाऊन म्हणाला की हे परत घ्या, आम्हाला झेपत नाही. देवांनी ती जादू ब्लडस्टोनमध्ये कोंडली, डोरिकच्या रक्ताने ते सील केलं, आणि त्या दगडाचे तुकडे करून ज्वालामुखीत टाकले, जो नंतर फुटला आणि तुकडे जगभर उडाले. (पुढे कथेत कळतं की ब्लडस्टोन मुळात देवांचा नव्हताच, सीअर नावाच्या फार जुन्या जमातीने ड्रॅगनांपासून जादू लपवायला तो बनवला होता, देवांनी तयार वस्तूवर आपलं काम उरकलं. मला हा बदल आवडतो, देव जरा जमिनीवर येतात.)
त्यातला एक तुकडा मगूमाच्या जंगलात होता. सीझन ३ च्या सुरुवातीला तो फुटतो. त्या स्फोटाने जंगलाचा तुकडाच्या तुकडा हवेत तरंगायला लागतो आणि मोकळी झालेली जादू हवेत लोंबकळत राहते, तेच तुमचं अनबाउंड मॅजिक. तुम्ही ग्लायडरवरून ते गोळा करत फिरता. आणि तुमच्या आधी कोणीतरी त्यातला मोठा घास घेऊन गेलेला असतो, जो लाझारस म्हणून मिरवतो आणि प्रत्यक्षात बाल्थाझार असतो, खुद्द युद्धाचा देव. म्हणजे एकाच ताटातलं देव पण खातोय आणि आपण पण. हे चलन आणि त्या सीझनचा व्हिलन एकाच गोष्टीवर जगतायत. मग बुणगेसाहेब म्हणणार अर्थ नाही.

बाजारबुणगा :
सुंदर लिहिलंय आणि वाचनखूण साठवली, खरंच. पण मग मला सांगा, हीच देवाच्या तोंडची जादू मी नेऊन कोणाला देतो? मॅपच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुकानदाराला, आणि तो मला कानातलं देतो. कानातलं! तो त्या जादूचं काय करतो? कुठे ठेवतो? आणि शेवटच्या मॅपपर्यंत तेच अनबाउंड मॅजिक झाडं तोडताना पण मिळायला लागतं, स्फोटाचा काय संबंध उरला?

ओर्रचा_माळी :
दुकानदाराचं मान्य :) त्याला कुठल्याच गेममध्ये उत्तर नाही.

तीनपायी_चार्र :
+१ दुकानदाराला.
मी थोडा वेगळा मुद्दा टाकतो, अवांतर वाटलं तर सोडून द्या. जुन्या डंजनचे (पार्टीने मिळून करायच्या बंद मोहिमांचे) टोकन आठवतात का कोणाला? प्रत्येक डंजनचं वेगळं होतं. अस्कलोनियन कॅटाकोम्ब्सला अस्कलोनियन टिअर्स, कॉडेकसच्या वाड्यात सील्स ऑफ बीटलटन, आणि सॉरोज एम्ब्रेसला माझं सगळ्यात लाडकं, मॅनिफेस्टो ऑफ द मोलेटेरिएट. ड्रेज म्हणजे चिचुंद्रीसारखे जमिनीखालचे लोक, पहिल्या गेममध्ये बुटक्यांच्या स्टोन समिटचे गुलाम होते, मग उठाव केला, मालकांना हाकललं आणि स्वतःची कमिट्यांवर चालणारी व्यवस्था उभारली जी आता सगळ्यांना त्रास देते. त्यांच्या बॉसला मारून तुम्हाला काय मिळायचं तर त्यांचे जाहीरनामे! आणि ते जाहीरनामे दिले की त्यांच्याच बनावटीचं चिलखत. विनोद कळायला वेळ लागला पण कळल्यावर मी डंजनमध्ये उभा राहून हसत होतो आणि आमचा मार झेलणारा टँक मेला.
आता ते सगळे टोकन एकत्र करून "टेल्स ऑफ डंजन डेल्व्हिंग" असं एकच चलन केलंय. सोयीचं आहे, भांडत नाही. पण अस्कलोनियन टिअर्स हे नावच असं होतं की विचारावं लागायचं, कोणाचे अश्रू? मग कोणीतरी सांगायचं, अस्कलॉनचा राजा एडलबर्न, त्याने शहर चार्र या पशूसारख्या जमातीच्या हाती जाताना फोफायर ही जादूची आग पेटवली, चार्र तर मेलेच पण त्याचीच सगळी प्रजा भुतं होऊन तिथेच अडकली, अजून युद्ध चालूच आहे समजून लढतायत. मी स्वतः चार्र खेळतो, तरी त्या डंजनमध्ये वाईट वाटतं. आता नवीन पोरगं ते डंजन करतं आणि त्याला "टेल" मिळते. कसली टेल? कुठली?

डोलियाकवाली :
यावर मात्र माझा जोरदार विरोध. तुम्हाला आठवतंय का सुरुवातीला ते टोकन बॅगेत जागा खायचे? वॉलेट तर २०१३ मध्ये आलं. आणि ज्या डंजनला कोणी जायचंच नाही त्याचे टोकन अर्धवट पडून राहायचे, ना सेट पूर्ण होतोय ना टाकवतंय. अराह डंजन आठवतंय ना, पार्टी शोधण्यात संध्याकाळ जायची. एकच चलन केल्यामुळे आता मी मला आवडतं ते डंजन करते आणि हवं ते चिलखत घेते. नॉस्टाल्जिया छान असतो पण इन्व्हेंटरी फुल्ल हा मेसेज पण तितकाच आठवतो मला.

तीनपायी_चार्र :
ताई, बॅगचा मुद्दा बरोबर आहे. पण एकदा वॉलेट आलं तेव्हाच तो सुटला होता की, तेव्हा नावं ठेवून काय बिघडलं असतं? आठ ओळी वॉलेटमध्ये.

डोलियाकवाली :
त्या आठ ओळी वाचूनच झोपाळूने हा धागा काढलाय भाऊ :P

झोपाळू_नेक्रो :
हे खरंय :D
बरं, ड्रीमरचं कोणीतरी सांगा ना. विकी उघडलं तर गिफ्टच्या आत गिफ्ट आणि त्याच्या आत अजून एक गिफ्ट, डोकं फिरलं.

मिस्टिक_भंगार :
मी सांगतो, माझं अर्धं आयुष्य त्या मिस्टिक फोर्जपुढे (चार वस्तू टाकून नवी बनवायची भट्टी) गेलंय. पहिल्या पिढीच्या सगळ्या लिजेंडरींचा सांगाडा एकच. चार गोष्टी फोर्जमध्ये टाकायच्या : प्रिकर्सर म्हणजे मूळ शस्त्र (ड्रीमरसाठी द लव्हर), त्या शस्त्राचं स्वतःचं गिफ्ट, गिफ्ट ऑफ फॉर्च्युन आणि गिफ्ट ऑफ मास्टरी.
फॉर्च्युन म्हणजे ७७ मिस्टिक क्लोव्हर, २५० एक्टो (एक्टोप्लाझमचे गोळे), आणि गिफ्ट ऑफ मॅजिक व माइट, ज्यात राक्षसांची हाडं-दात-रक्त असलं सामान ढिगाने लागतं. हे सगळं गोल्डने सुटतं, क्लोव्हर सोडून. क्लोव्हर फोर्जमध्ये बनवायला गेलास तर साधारण तीनातून एकदा लागतं, बाकीच्या वेळी हाती काहीतरी मटेरियल. फोर्जमधल्या झोमोरोस जिन्नचा मूड. म्हणूनच वर बुणगेसाहेबांनी सांगितलं ते ऐक, व्हॉल्टमधून जेवढे मिळतात तेवढे आधी घे.
मास्टरीची गंमत वेगळी. त्यात ब्लडस्टोन शार्ड, तो मियानी नावाच्या दुकानदाराकडे २०० स्पिरिट शार्डला मिळतो, २५० ऑब्सिडियन शार्ड, एक गिफ्ट ऑफ एक्स्प्लोरेशन आणि एक गिफ्ट ऑफ बॅटल. एक्स्प्लोरेशन साठी मूळ टिरियाचा अख्खा नकाशा पूर्ण करायचा, दोन मिळतात. बॅटलसाठी वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डचा (खेळाडूंच्या फौजांच्या आपसातल्या लढाईचा) रिवॉर्ड ट्रॅक. हे दोन कितीही गोल्ड असलं तरी विकत मिळत नाही.

झोपाळू_नेक्रो :
वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्ड?? मी तिथे गेलो की लोक मला चिरडून जातात आणि मागे वळून पण बघत नाहीत.

मिस्टिक_भंगार :
कमांडरच्या मागे पळ, कॅम्प घेताना उभा राहा, डोलियाकला सोबत कर. ट्रॅक आपोआप भरतो. नेक्रो (नेक्रोमॅन्सर) आहेस तर लोक उलट खूष होतील.

डोलियाकवाली :
डोलियाकला सोबत कर हे वाक्य फ्रेम करून लावणार आहे मी. कोणी करत नाही हो. बिचारे एकटे सामान वाहत मरतात आणि वर गडावर लोक ओरडतात सप्लाय कुठंय.

गतजन्मीचा_माँक :
धागा उशिरा बघितला. पहिला गिल्ड वॉर्स २००५ पासून खेळलेला प्राणी आहे मी, त्यामुळे थोडं जुनं सांगतो, कारण वरच्या यादीतल्या दोन वस्तू तिथूनच आल्यात आणि भंगारभाऊंनी त्या नुसत्या आकडा सांगून सोडल्या.
पहिल्या गेममध्ये एका कॅरेक्टरला जास्तीत जास्त १०० प्लॅटिनम बाळगता यायचं, म्हणजे एक लाख गोल्ड, आणि ट्रेडच्या खिडकीत पण एका वेळी तेवढंच. मग त्याहून महाग वस्तू विकायची कशी? लोकांनी स्वतःच उपाय काढला, वरचा हिशोब एक्टोमध्ये करायचा. "१०० के (एक लाख) अधिक इतके एक्टो" असं सरळ ओरडायचे लोक शहरात. डेव्हलपरने एक्टोला चलन म्हणून बनवलंच नव्हतं, ते क्राफ्टिंगचं मटेरियल. पण ते टिकलं कारण एकतर ते मिळायला अवघड, अंडरवर्ल्डमध्ये पडायचं, आणि दुसरं म्हणजे ते जळत राहायचं. ऑब्सिडियन आर्मर नावाचं सगळ्यात मिजासखोर चिलखत होतं त्याला एक्टो ढिगाने लागायचे, चिलखत घातलं की ते एक्टो गेमातून कायमचे गेले. खरं चलन असंच टिकतं, कुठेतरी ते संपावं लागतं.
आणि त्या चिलखताला दुसरी वस्तू लागायची ती ऑब्सिडियन शार्ड. ते पडायचे फिशर ऑफ वो मध्ये. अंडरवर्ल्ड हा ग्रेंथचा प्रदेश, मृत्यूचा देव. फिशर ऑफ वो बाल्थाझारचा. म्हणजे त्या काळात सगळ्यात भारी दिसायचं असेल तर दोन देवांच्या घरात जाऊन यावं लागायचं.
आता ड्रीमरची यादी परत वाचा. २५० एक्टो, २५० ऑब्सिडियन शार्ड. मी पहिल्यांदा ती रेसिपी बघितली तेव्हा दोन मिनिटं तसाच बसलो होतो. नवीन माणसाला ते नुसतं मटेरियल वाटतं, आम्हाला तो नमस्कार होता.

ओर्रचा_माळी :
दंडवत माँकबुवा! आणि पुढचा धागा मी जोडतो, कारण हा माझा एरिया. गिल्ड वॉर्स २ मध्ये ते ऑब्सिडियन शार्ड कर्माने कुठे मिळतात? ऑर प्रदेशात, स्ट्रेट्स ऑफ डेव्हास्टेशनच्या मॅपला, बाल्थाझारच्याच मंदिरात! एकेक २१०० कर्माला. आणि मंदिर झायटान ड्रॅगनच्या मुडद्यांच्या ताब्यात असेल तर दुकान बंद. सगळ्यांनी मिळून इव्हेंट करून मंदिर सोडवायचं, मग दुकानदार येतो. बाकीच्या देवांच्या मंदिरांचं पण तेच, एक्झॉटिक दर्जाच्या चिलखताचा एकेक पीस ४२,००० कर्माला, पण आधी मंदिर घ्या.
सुरुवातीच्या वर्षी लोक मॅप चॅटमध्ये विचारत फिरायचे, ग्रेंथ उघडं आहे का, मेलँड्रू कोणाकडे आहे. ग्रेंथचं मंदिर कठीण, तिथे फौज लागायची. मला वाटतं चलन आणि जग एकमेकांना इतकं घट्ट धरून परत कधी नव्हतं. तुमच्याकडे कर्मा कितीही असू दे, शेजारच्या वीस अनोळखी लोकांना यावंच लागायचं.

बाजारबुणगा :
२१०० गुणिले २५०, सव्वापाच लाख कर्मा. झोपाळू, म्हणून म्हटलं होतं कर्मा ठेव.
बाकी माळीबुवा, इथे मात्र मी तुमच्या बाजूने. हे डिझाइन खरंच चांगलं होतं. पण एक काडी टाकतो, पाथ ऑफ फायरमध्ये आपण बाल्थाझारला मारलं. स्वतःच्या हाताने. मग त्याच्या मंदिरात अजून दुकान कसं चालू?

ओर्रचा_माळी :
कारण मूळ टिरियाचे मॅप कथेच्या त्या काळात थांबलेले आहेत. झायटान तर त्याहून आधी मेला, २०१२ च्याच कथेत, तरी त्याचे मुडदे रोज मंदिरावर चालून येतात. प्रत्येक मॅप हा त्या त्या वर्षाचा फोटो समजायचा.

गतजन्मीचा_माँक :
तांत्रिक उत्तर बरोबर. पण मला ते जसं आहे तसं जास्त आवडतं. बाकीच्या देवांनी ठरवलं की टिरिया सोडायचं, आपण ड्रॅगनांशी लढलो तर जगच फुटेल. बाल्थाझारला ते पटलं नाही, त्याला लढायचं होतं, म्हणून त्यांनी त्याची शक्ती काढून त्याला साखळदंडात टाकलं. तो सुटला आणि जे केलं ते आपण खेळलो. तो वाईट होता यात वाद नाही, पण ड्रॅगन मारले पाहिजेत हे म्हणणारा एकटा तोच होता आणि आपण वेगळं काय करत होतो? आजही जेव्हा कोणी पहिली लिजेंडरी करायला त्या मंदिरात कर्मा मोजतं तेव्हा मला हे सगळं आठवतं. आणि तिथला दुकानदार यातलं काही जाणत नाही.

तीनपायी_चार्र :
माँकबुवा तुम्ही वेगळा धागा काढा देवांवर, आम्ही येतो सगळे.

डोलियाकवाली :
+१११. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.
मला जेम्सबद्दल बोलायचंय पण भांडण होईल का?

बाजारबुणगा :
होईल. बोला.

डोलियाकवाली :
माझं म्हणणं साधं आहे. गोल्ड देऊन जेम्स घेता येतात हे चांगलं, मी आजपर्यंत बॅगेचे सगळे स्लॉट गोल्डवरच घेतले. पण जेम्स विकून गोल्ड घेता येतं, म्हणजे पैसेवाला माणूस प्रिकर्सर काय, पहिल्या पिढीची अख्खी लिजेंडरी ट्रेडिंग पोस्टवरून उचलू शकतो, कारण ती विकता येते. मग वर एवढं एक्स्प्लोरेशन आणि बॅटल आणि मंदिर सांगितलंत त्याचं काय झालं? कोणीतरी दुसरा फिरला, ह्याने कार्ड टाकलं.

बाजारबुणगा :
पण ताई, तुम्ही जे जेम्स गोल्डने घेता ते येतात कुठून? त्याच कार्ड टाकणाऱ्याकडून. तो नसेल तर तुमच्या बॅगेला स्लॉट नाही. दर दोन्ही बाजूंच्या मागणीवर हलतो, आणि मधे खासा तुकडा गायब होतो, म्हणजे गोल्ड गेमातून बाहेर जातं, जे माँकबुवा म्हणाले ते जळणं. दुसरं, या गेममध्ये लिजेंडरीचे आकडे त्याखालच्या ॲसेंडेड दर्जापेक्षा जास्त नाहीत, फक्त स्टॅट हवे तेव्हा बदलता येतात आणि दिसायला भारी. त्यामुळे विकत घेतली म्हणून तो तुम्हाला हरवणार नाही. डायब्लो ३ मध्ये खऱ्या पैशाचं ऑक्शन हाऊस होतं ते बघा, तिथे ताकदच विकायला होती, राक्षस मारण्यापेक्षा लोक लिलावच बघत बसले आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच बंद केलं.

डोलियाकवाली :
ताकदीचं पटतं. मला ताकदीचा राग नाहीच आहे. एखाद्याच्या खांद्यावर ड्रीमर दिसलं की पूर्वी मी मनात म्हणायचे, हा सगळीकडे जाऊन आलाय. आता तसं म्हणता येत नाही एवढंच.

मिस्टिक_भंगार :
म्हणूनच हार्ट ऑफ थॉर्न्स एक्सपान्शनवाल्या दुसऱ्या पिढीच्या लिजेंडरी विकताच येत नव्हत्या, अकाउंटला बांधलेल्या. त्यात त्या त्या मॅपची चलनं पण लागायची. मग लोकांनी बोंब मारली की फार कष्ट आहेत, आणि एंड ऑफ ड्रॅगन्स एक्सपान्शनला तिसऱ्या पिढीच्या परत विकता येतात. म्हणजे आपल्यालाच काय हवंय ते आपल्याला ठरवता येत नाही.
ताईंना जसं हवंय तसं पाहिजे असेल तर ऑरोरा बघा. सीझन ३ चा लिजेंडरी दागिना, सहाच्या सहा मॅप पालथे घालून, तिथली चलनं जमवून, कलेक्शन पूर्ण करून. विकत मिळत नाही. कोणाकडे दिसली तर खुशाल म्हणा जाऊन आलाय.

झोपाळू_नेक्रो :
खूप शिकायला मिळतंय. एक राहिलं, ॲस्ट्रल अक्लेम कशात बसतं मग? याला काही कथा?

तीनपायी_चार्र :
कथा चिकटवलीय. सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर एक्सपान्शनसोबत आलं, ऑगस्ट २०२३. ॲस्ट्रल वॉर्ड म्हणून गुप्त संघटना आहे, विझार्ड इस्गारेनच्या मनोऱ्यात बसून जगावर नजर ठेवणारी, ते तुमच्या कामाची दखल घेतात वगैरे. पण रोजची कामं बघ : इतके शत्रू मार, एक इव्हेंट कर, लाकूड तोड. कुठल्याही मॅपमध्ये. जगाला वाचवणारे विझार्ड मला रोज लाकूड तोडल्याबद्दल शाबासकी देतात.

ओर्रचा_माळी :
हेच माझं दुखणं आहे, फक्त मी आत्तापर्यंत नीट मांडलं नव्हतं. ब्लड रुबी बघून सांगता येतं माणूस कुठे होता. ॲस्ट्रल अक्लेम बघून फक्त एवढंच कळतं की तो माणूस आला होता. आणि गंमत म्हणजे त्याच एक्सपान्शनमध्ये मॅपची चलनं चांगली आहेत, स्टॅटिक चार्ज, पिंच ऑफ स्टारडस्ट, नायोसमध्ये कॅल्सिफाइड गॅस्प. क्रिप्टिस राक्षसांच्या जगातला गोठलेला श्वास! असलं नाव सुचणारी माणसं अजून तिथे आहेत. पण रोजचं बक्षीस मात्र ऑफिसच्या हजेरीपटासारखं.

बाजारबुणगा :
हजेरीपटच आहे, आणि तो आधीही होता. पूर्वी नुसतं लॉगिन केलं की लॉरेल मिळायचे, गेम उघडायचा, बंद करायचा, झालं. आता लॉगिनचं थोडंसं सोडलं तर निदान काहीतरी करावं लागतं. रोज तासभर मिळणाऱ्या माणसाला व्हॉल्ट हे आजवरचं सगळ्यात न्याय्य बक्षीस आहे, आणि सीझनला लिजेंडरीची स्टार्टर किट पण मिळते, जी घेतली की गिफ्टच्या गिफ्टमधली बरीचशी कटकट संपते. तुमची कविता मला आवडते माळीबुवा, पण तासभर वेळ असलेल्याने मंदिर उघडायची वाट बघत बसायचं का?

ओर्रचा_माळी :
वाट बघू नये. पण उघडलं की जावं :)

गतजन्मीचा_माँक :
दोघांचंही चालू द्या. फक्त एवढंच जोडतो की पहिल्या गेममध्ये एक्टोला पण कोणी कथा दिली नव्हती, लोकांनी व्यवहार करून करून ती दिली. उद्या ॲस्ट्रल अक्लेमचं पण होईल कदाचित. मला शंका आहे, पण होईल कदाचित.

डोलियाकवाली :
विकता न येणाऱ्या गोष्टीचं काय होणार कपाळ.

मिस्टिक_भंगार :
झोपाळू, तुझ्यासाठी क्रम लिहितो, बाकीचे भांडू देत. व्हॉल्टमधली स्टार्टर किट बघ कुठल्या शस्त्रांची आहे, दर वेळी निवड बदलते, ड्रीमर असेल तर उडी मार. क्लोव्हर आणि कॉइन घे. मॅप पूर्ण करायला घे, रोज एकेक, घाई केलीस तर वैताग येतो आणि मग परत इतकी वर्षं गायब होशील. वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डचा ट्रॅक आधी गिफ्ट ऑफ बॅटलवर लावून ठेव आणि मगच आत जा, दुसराच ट्रॅक चालू असला तर सगळी मेहनत तिकडे. विंटरबेरी आत्तापासून गोळा कर, दुसरी कॅरेक्टर असतील तर ती बिटरफ्रॉस्टलाच पार्क करून ठेव, प्रत्येकाला रोज वेगळ्या तोडता येतात आणि त्यावर ॲसेंडेड दागिने मिळतात ज्याचे स्टॅट आपण निवडायचे. व्होलाटाइल मॅजिक जास्त झालं तर ट्रॉफी शिपमेंट घे, २५० ला एक, वर एक गोल्ड, त्यातून गिफ्ट ऑफ माइटचं हाडं-दात सामान निघतं.

झोपाळू_नेक्रो :
दंडवत सगळ्यांना. स्टार्टर किट बघितली, ड्रीमर नाहीये या वेळी :( पण मग पुढच्या सीझनपर्यंत नकाशा करतो. ऑरपासूनच सुरू करतोय, माळीदादांमुळे. बाल्थाझारचं मंदिर आत्ता मुडद्यांकडे आहे, मॅपमध्ये मी आणि एक रेंजर, दोघेच. कोणी ऑनलाइन आहे का?

ओर्रचा_माळी :
आलो. वेपॉइंट टाक.

डोलियाकवाली :
पार्टीत घ्या, पण इव्हेंट सुरू करू नका मी येईपर्यंत, पॅच डाउनलोड होतोय.

बाजारबुणगा :
कर्मा बूस्टर लावून या सगळे. फुकट लढू नका.